आतडीचं आतडी पाहील

माय,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवते. परवा वडसा ते गडचिरोली बसमध्ये माझ्यावर घोर अन्याय झाला. आरमोरी मागे पडली आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला जशी लागते तशी मला लागली. गाडी थांबवा म्हटलं, तर कंडक्टर म्हणतो, "बाई, घरूनच निपटून याचं ना." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही घरून सुटे पैसे आणत जा, मग मी पाहते." गाडी हसली, थांबली नाही. गडचिरोलीपर्यंत पाय आवळून मी परिवहन खात्याविरुद्ध एक सणसणीत लेख रचला. उतरल्यावर मात्र तू आठवलीस आणि लेखातली हवाच गेली. मी एका प्रवासात एवढी तापले. तू कित्येक वर्षं थेंब थेंब गळत होतीस.

माझ्या पाठचं बाळंतपण अडलं, बाळ गेलं, आणि आतून मूत्राशयाला छिद्र पडलं. तेव्हापासून लघवी तुझ्या ताब्यात राहिली नाही. बाबांनी तुझी बाज पडवीत टाकली. सणवार, हळदी, पंगती यांतून तू आपोआप वगळली गेलीस. फक्त धानाच्या रोवण्याच्या, लावणीच्या दिवसांत तू सगळ्यांच्या पुढे. गुडघाभर चिखलात साऱ्याच बायका कमरेपर्यंत भिजलेल्या. कोण कशानं ओलं, हे बघतो कोण? तू सगळ्यांत मोठ्यानं गायचीस. मग बांधीतलं पाणी आटायचं, धान पिवळं पडायचं, आणि तू पुन्हा पडवीत.

एका साली आत्याकडच्या हळदीला तू हट्टानं आलीस. सतरंजीवर टेकणार तोच आत्या म्हणाली, "वयनी, तू तिकडं बस. सतरंजी लोकाची हाय." तू उठलीस. घरी येऊन मला म्हणालीस, "मी दवाखान्यात जातो. तू येशीन तं ये." मी तेव्हा लग्नाला आलेली पोर. बैलगाडी, मग रेल्वे, मग मिशनचा दवाखाना. डॉक्टरबाई कुठल्या दूरच्या होत्या, त्यांचं मराठी पुस्तकातलं. छिद्र शिवण्यापलीकडे गेलंय, त्यांनी सांगितलं. मूत्रपिंडातून येणाऱ्या दोन्ही नळ्या मोठ्या आतड्याला जोडता येतील. मग लघवी मागच्या वाटेनं जाईल, पण तुझ्या मर्जीनं.

"पण आतड्याचं अस्तर शोषून घेण्यासाठीच असतं," त्या म्हणतात. "ते लघवीसुद्धा शोषेल. रक्त बिघडू नये म्हणून सारखं शौचाला जावं लागेल, रोज खाण्याचा सोडा घ्यावा लागेल. आणि वर्षानुवर्षं लघवी लागून त्या अस्तराचं काय होईल, ते मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही."

पुढे मी आयुष्यभर साहेब, पुढारी आणि संपादक यांची सालं काढली, पण "मला माहीत नाही" असं सरळ म्हणणारं शिकलेलं माणूस मला तेवढं एकच भेटलं. मी घाबरून तुझा पदर ओढतेय. तू ढिम्म. "मले कोरड्या जागी बसाचं हाय, डॉक्टरबाई. आतडीचं आतडी पाहील."

ऑपरेशन झालं, आणि आतडीनं बदली झालेल्या सरकारी कारकुनासारखं केलं. जागा नवी, खाक्या जुना: समोर येईल ते आत ओढायचं. तू सोड्याचं पाणी तोंड वेडंवाकडं करून प्यायचीस, रात्री उठायचीस, कधी हातापायांतली ताकद जायची. पण पुढच्याच हळदीला तू सतरंजीच्या मधोमध. "वयनी, जराशी सरक ना," आत्या म्हणाली. "काऊन सरकू? जागा पाह्यजे तं पडवी रिकामी हाय." बायका पदरात तोंड घालून हसल्या. तू उठलीस तेव्हा आत्यानं हळूच तळहात टेकवून पाहिलं. तू पाठमोरीच म्हणालीस, "दोन्ही हातानं पाह्य."

अशी कितीतरी कोरडी वर्षं तू वसूल केलीस. मग शौचावाटे रक्त पडू लागलं. मी तुला नागपूरला नेलं, तोवर कॅन्सर पोटभर पसरला होता. मी डॉक्टरांवर भडकले, तर तूच मला दटावलंस, "चूप बस. त्या बाईनं सांगतलं होतं."

तू गेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरनं, दुखणं नक्की कुठून उठलं ते पोट उघडून पाहतो म्हणून परवानगी घेतली. नंतर त्यानं मला एकटीला बाजूला बोलावलं. नळ्या जिथे जोडल्या होत्या तिथलं अस्तर फुलकोबीच्या गड्ड्यासारखं झालं होतं. वीतभर पलीकडे ते नितळ होतं, जणू काही घडलंच नाही. तो चाचरत म्हणाला, "इतकी जुनी जोडणी आम्हाला पाहायला मिळत नाही. असं ऑपरेशन झालेल्या बाईला केव्हापासून तपासत राहायचं, ते यावरून थोडं कळेल. एवढा भाग ठेवला तर चालेल?"

बाबा बाहेर गाडी ठरवत होते. आत्या पायरीवर बसून तुझं कौतुक करत रडत होती. तुला ते आवडलं असतं. मिशनच्या डॉक्टरबाई तेव्हा होत्या की नव्हत्या, कोण जाणे. त्यांच्या त्या "माहीत नाही"चं उत्तर मात्र आपल्याकडे थकलं होतं. मी म्हटलं, "ठेवा," आणि सही केली.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगून टाकते. वैनगंगेच्या काठी आम्ही तुला अग्नी दिला, तो तेवढा तुकडा वजा करून. घरात अजून कोणाला ठाऊक नाही. तुलाही आजच सांगतेय.