जिल्ह्यापुरती

१८ नोव्हेंबर ९१, जळगाव
जिंकलो. जळगावच्या मुलींवर ३-१. रत्नाचे दोन गोल. दुसरा तर अर्ध्या मैदानातून एकटीने पळत आणला. मैदान म्हणजे नांगरून ठेवल्यासारखं. गुडघे सोलले, डेटॉलची बाटली संपली. धुळ्याच्या परतीच्या बसमध्ये पोरी गाणी म्हणत होत्या, मी कंडक्टरच्या बाजूला डोळे मिटून.
मैदानावर एक पेपरवाला आला होता. विचारलं, ही दहा नंबर कशी आहे? म्हटलं, खान्देशात अशी मुलगी मी पाहिली नाही.
खरंच आहे. खान्देशात मुलींचे हॉकीचे संघ पाच. पण हे दुसरं वाक्य बोलायचं राहिलं.

२१ नोव्हेंबर
पेपरात. ‘सोनगीरची रत्ना भारताकडून खेळणार. प्रशिक्षिकेचा ठाम विश्वास.’ ती प्रशिक्षिका म्हणजे मी. प्रार्थनेच्या आत मु.अ.नी कात्रण फलकावर लावलंसुद्धा. सांगितलं, सर, मी असं बोलले नाही. तर म्हणे, “शाळेचं नाव झालं ना बाई? कशाला फाटे फोडता?”
मधल्या सुट्टीत रत्ना आली. वाकून नमस्कार. “बाई, खरंच?”
म्हटलं, आधी गुडघ्याची पट्टी बदल.

३ डिसेंबर
सत्कार. संस्थेचे चेअरमन झेडपीला उभे राहणार, त्यामुळे त्यांना आता खेळाचं फार प्रेम. रत्नाला स्टिक उलटी धरून उभी केली, बंदुकीसारखी. फोटोग्राफर म्हणाला, अशीच छान दिसते. चेअरमननी पेढा भरवला, अर्धा तिच्या तोंडात, अर्धा हनुवटीवर, आणि फोटो निघेपर्यंत हात तसाच. तीन वेळा फ्लॅश उडाला नाही. तीन वेळा तोच पेढा.
भाषणात ‘आंतरराष्ट्रीय’ सहा वेळा. संघातल्या बाकीच्या तेरा जणी मागे सतरंजीवर. एकीचंही नाव घेतलं नाही. गोलकीपर कुंदा तर ताप असून खेळली होती जळगावला.

१२ डिसें.
आज कळलं. रत्नाचा दहावीचा फॉर्मच शाळेने पाठवलेला नाही.
क्लार्क आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, सरांना विचारा. सर म्हणाले, “तिच्या वडिलांचीच इच्छा. वर्षभर खेळू दे म्हणाले. पुढच्या वर्षी देईल परीक्षा.” मग आवाज खाली करून, “आणि बाई, गणितात अकरा आहेत तिला. आपला निकाल कशाला खाली आणायचा?”
म्हणजे असं आहे तर. देशासाठी खेळणार म्हणून सत्कार करायचा, आणि त्याच दाराने तिला वर्गाबाहेर काढायचं. निकालाचे टक्केही शाबूत. हसत हसत सांगत होते. टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.
म्हटलं, सर, ती जिल्ह्यात चांगली आहे. राज्याच्या संघातही येणार नाही कदाचित. ते म्हणाले, “तुम्ही प्रशिक्षक असून असं बोलता?”

१५ डिसें., रविवार
सोनगीरला जाऊन आले. रत्ना कापूस वेचायला गेलेली, बरंच झालं. वडील हिलालभाऊ ओट्यावर. मोठा चहा केला माझ्यासाठी. कात्रण फ्रेम करून देवाशेजारी लावलंय.
मी सरळच सांगितलं. मुलगी मेहनती आहे, वेगवान आहे. पण मुंबई-पुण्याच्या मुली नवव्या-दहाव्या वर्षापासून वसतिगृहात राहून खेळतात, चांगल्या मैदानावर. ही तेरा वर्षांची होती तेव्हा स्टिक हातात आली. फेब्रुवारीअखेर राज्याची निवड चाचणी आहे, तिथे जरूर नेईन. पण त्यासाठी दहावी सोडू नका. लेट फीने अजून फॉर्म जाईल.
हिलालभाऊंनी फ्रेमकडे बोट केलं. मग म्हणाले, “पेपरमा येल शे बाई. बठ्ठा गावनी वाचं. खोटं कसं व्हई?”
म्हटलं, सगळ्या गावाने वाचलं तरी पेपरवाल्याने ते वाढवून लिहिलंय.
“मनी पोर चड्डी घालीसन पयस म्हनीसन भाऊबंद हासतस माले. तीन वरीस झायात. आते कोठे त्यासनी तोंडं बंद झायी. इंडियाकडथीन खेयस म्हनीसन. आनि तुम्ही म्हनतस जिल्हापुरती शे. मंग मी त्यासले काय सांगू?”
चड्डी घालून पळते म्हणून हसणारे मीही ऐकलेत. उठताना ते आणखी एक बोलले. शांतपणे, रागाने नाही. “तुम्ही सोता पुढे गयात नहीत. म्हनीसन तिले बी जाऊ देतस नही.”
बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले. मी मागे पाहिलं नाही.

१६ डिसें.
रात्रभर तेच. खोटं तर नाही. नागपूरला राज्याच्या संघात राखीव होते मी, चार दिवस बाकावर. पण म्हणूनच सांगतेय ना? की म्हणूनच...

४ जानेवारी ९२
लेट फीची तारीखही गेली. मु.अ.ना तीनदा आठवण दिली. तिसऱ्यांदा म्हणाले, “फाइलला लावलंय.”

२६ जाने.
झेंडावंदन झाल्यावर सोनगीरला मिरवणूक. मला बोलावलं म्हणून गेले, न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. ट्रॅक्टरवर रत्ना. गळ्यात हार, अंगावर नवीन ब्लेझर, चेअरमनची भेट, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. बॅनरवर ‘हाकीपटू’. निवड चाचणी अजून महिनाभर लांब. मुलगी कुठेही निवडली गेलेली नाही. आणि लेझीम! भाषणात चेअरमन म्हणाले, मला मत म्हणजे रत्नाला मत. टाळ्या.
रत्ना माझ्याकडे बघून हसली. तोंड भाजल्यासारखं लाल, लाजून. आनंदात होती फार. मी हात हलवला.
किळस आली सगळ्यांची. हात हलवणाऱ्या बाईचीही.

९ फेब्रु.
सरावाला आता रत्ना एकटी येते, संघातल्या बाकीच्या दहावीच्या मुली अभ्यासाला बसल्या. कुंदाची आई म्हणाली, आमची काय इंडियाची आहे का, तिला पेपर द्यायचाय.
आज तासभर फक्त बॉल थांबवणं. दहातले सहा थांबतात. दगडावर उडाला की ही मनगटाने सावरते, त्यात तिचा हात धरणारी नाही. पण बॉल सरळ आणि वेगात आला की उशीर होतो. तिला सरळ बॉल आयुष्यात मिळालाच नाही. कुठे मिळणार? आमचं मैदान सकाळी बकऱ्यांचं, संध्याकाळी क्रिकेटचं.
विचारलं, गणित करतेस का घरी? “आता कशाला बाई?”

२९ फेब्रु., मुंबई
उद्या चाचणी. एका शाळेच्या वर्गात उतरलोय, बाकं जोडून झोपायचं. शेजारी मुंबईच्या मुली, प्रत्येकीच्या दोन दोन स्टिका. रत्नाची एकच, दांड्याला मी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिने ब्लेझर घडी करून उशाला घेतला. चुरगळेल म्हणून परत काढला.

१ मार्च
बारा मिनिटं.
मैदान नकली गवताचं, हिरवंगार सतरंजीसारखं, पाणी मारलेलं. रत्नाने आधी वाकून हात लावून पाहिला. छातीवर ४७ नंबर. पहिला पास आला तो तिच्या स्टिकखालून कधी गेला हे तिला कळलंच नाही. दुसराही. तिसरा थांबवला, पण मान वर करेपर्यंत दोघींनी काढून घेतला. सवयीने मनगटाने बॉल सावरायला गेली, इथे उडतच नाही तो. मग नुसतीच धावत सुटली, जिथे बॉल तिथे. जागा सोडून. मीच शिकवलं होतं, जागा सोडू नको.
बारा मिनिटांनी शिट्टी. ४७ बाहेर.
निवड समितीतल्या बाई चांगल्या होत्या, बाजूला येऊन बोलल्या. “दम आहे हिच्यात. वय काय? सोळा? उशीर झाला हो.” एवढंच. नीट वागणारं कोणी भेटलं की जास्त त्रास होतो.
रत्ना नळावर पाय धूत होती, धूतच राहिली.

२ मार्च
बसमध्ये मालेगावपर्यंत रत्ना दांड्याची चिकटपट्टी सोलत होती. मग म्हणाली, “त्या मुलींना घाम येत नाही का हो बाई?”
धुळ्याच्या स्टँडवर कोणी नाही. ना हार, ना चेअरमन. निवडणूक उरकली, ते निवडून आले. मु.अ.ना मुंबईहून ट्रंककॉल केला होता, त्यामुळे माहीत होतं सगळ्यांना. फक्त हिलालभाऊ, रसवंतीच्या बाजूला उभे. मला वाटलं विचारतील. तिची पिशवी घेतली आणि म्हणाले, “जेवनी का तू?”
माणूस वाईट नाही. मी सगळ्यांच्या यादीत त्यालाही घातलं होतं.

९ मार्च
पेपरात परत. ‘खान्देशकन्येवर अन्याय. वशिलेबाजीचा बळी.’ चेअरमनचा निषेध, मु.अ.चा निषेध. स्टाफरूममध्ये चर्चा, मुंबईवाले आपल्याला येऊ देत नाहीत, तिकडे ओळख लागते. ज्यांनी तिचा फॉर्म दाबला ते अन्यायावर बोलतायत! चहाचा कप तसाच ठेवून उठले.
मला विचारलं, तुम्ही होतात ना तिथे, सही करा निवेदनावर. नाही केली. “बाई फुटल्या,” कोणीतरी म्हणालं. मोठ्याने, मला ऐकू येईल असं.
सोपं होतं पण. सही केली असती तर रत्नालाही बरं वाटलं असतं.

१४ मार्च
रत्ना आली होती घरी. पहिल्यांदाच. दारातच उभी. दहावीचे पेपर चालू आहेत, रस्त्यावर तिच्या वर्गातल्या मुली भेटल्या असणार.
“बाई, वशिला होता ना?”
भाजी करपल्याचा वास आला, गॅस बंद केला, परत आले. म्हटलं, नाही रत्ना. त्या मुली आपल्यापेक्षा खूप चांगल्या होत्या. मला माहीत होतं.
“कधीपासून?”
आधीपासून. नोव्हेंबरपासून.
मी सांगायला लागले, मी सरांना म्हटलं होतं, तुझ्या वडिलांना भेटून सांगितलं होतं, फॉर्मसाठी...
“सगळ्यांना सांगितलं,” ती म्हणाली. “मी रोज सकाळी तुमच्यासमोर होती. माले का नही सांगं?”
शाळेत ती कधी अहिराणी बोलत नाही.
मी म्हटलं, तुझं मन मोडेल म्हणून. ऐकताना मलाच शिसारी आली त्या वाक्याची. माझ्या तोंडात ते चेअरमनच्या पेढ्यासारखं वाटलं.
ती गेली. चहा घे म्हणायचंही सुचलं नाही.

३० मार्च
चार महिने या वहीत सगळ्यांची घाण उपसली. मागची पानं वाचली आज. प्रत्येक ठिकाणी मी बरोबर आहे. प्रत्येक ठिकाणी मी कुणाला ना कुणाला खरं सांगतेय. तिच्याशी बोलताना मात्र पट्टी बदल, गणित कर, सरळ बॉल थांबव.
भीती कसली होती? ती यायची बंद होईल याची. अशी मुलगी मलाही परत मिळणार नव्हती.

२१ एप्रिल
रत्ना सरावाला नाही आली. ऊन पण फार. हिलालभाऊ शिंदखेड्याकडचं स्थळ बघतायत, असं कुंदा सांगत होती. त्या लोकांनी विचारलं म्हणे, पोर पळायची ती हीच का?

१५ जून
शाळा उघडली. रत्नाचं नाव दहावीच्या हजेरीत नाही. मु.अ. म्हणाले, वय वाढलं, बाहेरून बसू दे. मी म्हटलं, फॉर्म शाळेने पाठवला नाही हे मी शिक्षणाधिकाऱ्यांना लिहून देईन. माझ्या सहीने. तिच्या वडिलांच्या इच्छेचा अर्ज असेल तर दाखवा. अर्ज नव्हताच. तोंडीच सगळं.
दुपारी नाव चढवलं. बोलत नाहीत माझ्याशी. उत्तम.
सोनगीरला निरोप पाठवला. येईल की नाही, देव जाणे.

१९ जून
आली. मागच्या बाकावर बसते म्हणे. मैदानाकडे फिरकली नाही. व्हरांड्यात समोर आली, मान खाली घालून गेली.

२९ जून, सोमवार
सकाळी सात. मैदान ओलं, बकऱ्या अजून सोडल्या नव्हत्या. रत्ना आली. स्टिक नाही, गणवेशात. बरोबर एक लहान मुलगी, तिची बहीण. भारती, पाचवीत घातलीय आमच्याच शाळेत.
“हिला घ्या, बाई.”
मी म्हटलं, तुझे वडील?
“त्यांना माहीत नाही अजून.” मग जरा थांबून, “पण हिला चांगली आहेस असं म्हणायचं नाही.”
आणि वाईट खेळली तर?
“ते म्हणा.”
भांडणाच्या सुरात नव्हती. अट घालत होती नुसती. पोरीच्या हातात एक जुनी स्टिक दिली, तिच्या छातीपर्यंत येणारी. वीस पावलांवरून बॉल मारला. जरा जोरातच गेला. खड्ड्यात उडाला आणि डावीकडे वळला.
बॉल वळायच्या आधी ती वळलेली होती.
परत मारला. परत तेच. तिसऱ्या वेळी मुद्दाम तिच्या उलट्या बाजूला, सगळा जोर लावून. तिने स्टिक आडवी केली, बॉल पायाशी मेला, आणि ती मान वर करून पुढच्याची वाट बघत उभी. कोणी शिकवलं हिला, विचारलं. “कोनीच नही.”
दहा वर्षांची. दहाच.
रत्ना भिंतीशी उभी होती. बहिणीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी बॉल गोळा केला. म्हटलं, उद्या सातला ये, अनवाणी येऊ नको.
रत्ना अजून बघतच होती.