वाकड्या स्प्रिंगा

२ जून

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचे फोटो काढायच्या खोलीत तुला कायमचं घेतलं, हे वाचून तुझ्या आईने निम्म्या गल्लीला सांगितलं. उरलेल्या निम्म्या गल्लीला मी सांगितलं.

दुकान चालू आहे, पण डोकं उठलंय. हल्ली घड्याळांच्या हेअरस्प्रिंगा वाकड्याच येतात. केसासारखी तार ती, तिचा एक वेढा जरी कलला तरी घड्याळ वेळ सोडतं. तीन आठवड्यांत अकरा स्प्रिंगा मी चिमट्याने सरळ केल्या, तरी एकही घड्याळ धड चालत नाही. माल पाठवणाऱ्याला खरमरीत चार ओळी लिहिल्या, तर तो म्हणतो, माझ्याकडून निघताना सरळ होत्या. वर मलाच शहाणपण शिकवतो. चाळीस वर्षं डावा डोळा मिटून, उजव्याला भिंग लावून काम करतोय, मला सरळ-वाकडं कळत नाही होय?

असो. जेवणाची हेळसांड करू नकोस. आमच्यावर माया आहेच, ती पत्रातून कळत राहू दे.

तुझा,
बाबा


५ जून

ती. बाबांस, शि. सा. न.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि ठेवता. म्हणून आमची औषधांची गाडी तुमच्याकडे येते, तिच्या ड्रायव्हरकाकांबरोबर हे पत्र देतेय. तुमचं वाचून होईपर्यंत दुकानासमोरून हलायचं नाही, असं त्यांना बजावलंय.

सोबत चौकटींचा कागद आहे, मधोमध ठिपका. डावा डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा. मग उजवा झाकून बघा. डाव्याने रेघा सरळ आणि उजव्याने मध्येच लचकलेल्या दिसल्या, तर बाबा, स्प्रिंगा वाकड्या नव्हत्या. तुम्ही अकरा चांगल्या स्प्रिंगा वाकवल्यात. माल पाठवणाऱ्याची माफी सावकाश मागू.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध पीतबिंदू नावाची जागा असते. अक्षरं, सुईचं नेढं, तुमचे स्क्रू, जे बारकाईने बघायचं ते सगळं तिथे उमटतं. तिच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाणी झिरपलं की पडदा फुगतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. चष्म्याने हे जात नाही. वेळेत इंजेक्शन मिळालं तर पाणी ओसरतं. नाही मिळालं तर तिथे कायमचा डाग पडतो, आणि मग ज्याच्याकडे बघाल नेमकं तेच दिसत नाही. दुखत नाही म्हणून लोक थांबतात आणि डोळा घालवून येतात. अशी माणसं मी रोज बघते. मला भीती वाटतेय, ते लपवत नाही.

दुकानाला कुलूप लावा आणि आईला घेऊन याच गाडीत बसा. रागावलात तरी चालेल, जीव मात्र पूर्वीसारखाच लावा.

तुमची,
ठकू


९ जून

ती. बाबांस, शि. सा. न.

सुखरूप पोचल्याचं आईने कळवलं. परवा फोटोच्या खोलीत मी तुमच्याशी अवाक्षर बोलले नाही, याचं तुम्हाला वाईट वाटल्याचंही कळवलं. फोटोत काय दिसतं ते डॉक्टरांनी सांगायचं, आम्ही नाही, असा नियम आहे. पण खरं सांगायचं तर मला बोलताच येत नव्हतं.

हजारभर पडदे तरी बघितले असतील मी. तुमचा स्क्रीनवर आला आणि हात थांबला. नारिंगी गोल, एका बाजूला फिकट चकती. तिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते, आणि तिथूनच रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या पसरतात. कातडी न कापता आतल्या रक्तवाहिन्या अशा उघड्या बघायच्या, तर त्या इथेच. माझ्या बापाचं रक्त माझ्यासमोर होतं. मधोमध पीतबिंदूची तिळाएवढी खळगी, आणि तिच्या खालीच तो मेला फुगवटा.

या पडद्यावर सगळं उलटं उमटतं, डोकं खाली, पाय वर. मेंदू ते सुलटं करून देतो, जन्मभर, न सांगता. तुम्ही आजवर जे जे बघितलंत, मी टाकलेलं पहिलं पाऊलसुद्धा, ते सगळं एवढ्याशा जागेवर उलटं उमटून गेलंय. हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. परवा ते पहिल्यांदा खरं वाटलं, आणि तुम्ही मात्र हनुवटी टेकून मुकाट बसला होतात.

पहिलं इंजेक्शन परवा झालं, पुढची महिन्या-महिन्याने. टाळलीत तर गाठ माझ्याशी आहे. आईला सा. न. दोघांचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
ठकू


२० ऑगस्ट

चि. ठकूस, अ. उ. आ.

तिसरं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर पहिल्या वेळी मी पळायला दार बघून ठेवलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. थेंब घालून डोळा बधिर केला, दुखलं असं नाहीच. पण औषध आत शिरलं ते मला आतून दिसलं. पाण्यात शाई सोडावी तसं काहीतरी पिळे घेत पसरलं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची यंत्रं उघडतोय. या वेळी माझं यंत्र उघडलं होतं आणि मी आतूनच ते बघत होतो. ना स्क्रू, ना किल्ली, आणि पासष्ट वर्षं चालू. दुसऱ्या दिवशी दुकानात घड्याळ उघडलं तर ते अगदीच साधं वाटलं.

पाणी ओसरलंय, पण उजव्याची नजर पूर्ण परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भिंग आता डाव्या डोळ्याला लावतो. पहिल्या दिवशी एकच स्क्रू तीनदा उडाला, चौथ्यांदा बसला. पुन्हा नवशिका झालोय, तोंड तेवढं जुनं आहे, असं तुझी आई म्हणते.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवली. मार्चपासूनच उजव्या डोळ्याने बघितलं की तुझ्या आईचा चेहरा मध्येच पिळलेला दिसायचा. नाक एकीकडे, ओठ दुसरीकडे. स्प्रिंगांचा दोष कारखान्यावर ढकलता येतो, हा कोणावर ढकलणार? मला कळत होतं, ठकू. मी घाबरलो होतो. म्हणून दुकानात स्प्रिंगा सरळ करत बसलो, आणि घरात उजवा डोळा मिटून तिच्याकडे बघायची सवय लावून घेतली. तिला वाटलं, म्हातारा या वयात डोळा मारतोय.

आज सकाळी ती आतल्या खोलीत केस विंचरत होती. मी डावा मिटला आणि उजव्याने बघितलं. जरा अंधूक आहे, पण नाक नाकाच्या जागी, ओठ ओठांच्या. मी बघतच राहिलो. आज दुसरा डोळा का, असं तिने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तिने फणी खाली ठेवली. मग खुर्ची उचलून खिडकीशी, उजेडात आणली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, बघा किती बघायचं ते.

अजून तशीच बसली आहे, म्हणून पत्र आवरतं घेतो. आम्हा दोघांना असाच जीव लावत राहा.

तुझा,
बाबा