बांधावरची मारांडी

बाबा, आज मी ऑफिसला गेले नाही. पणजीची बस डोळ्यांदेखत जाऊ दिली आणि परत येऊन पडवीत बसले. ताप नाही, कुणाशी भांडण नाही, नुसती दमले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी आज बोलायचं आहे ते तुमच्याशीच.

चवथीच्या आधीचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी बारा वर्षांची. डिचोलीहून आत्या यायची होती. खाडीच्या बांधावरून घरची वाट, आणि दोन्ही अंगांना मारांडीची झुडपं माजलेली. येणाऱ्याजाणाऱ्याचं पातळ त्या काटेरी पानांत हमखास अडकायचं. मी कोयती घेतली आणि सकाळभर खपून दहा-बारा पावलं बांध लख्ख केला. शाबासकी मिळेल म्हणून तुम्हाला हाताला धरून आणलं. तुम्ही बघितलंत आणि तुमचा चेहराच उतरला. "काटे दिसले तुका, मुळां नाय दिसली? मारांडी काडलंस तर बांध कोण धरतलो? तुझो बापूस?" मग मला गुडघाभर चिखलात उतरवलंत आणि तोडलेली एकेक फांदी परत खोचायला लावलीत. मी रडत खोचत होते, शेजारी तुम्हीही खोचत होता. संध्याकाळी सुईने माझ्या बोटांतले काटे काढलेत. त्या फांद्या जगल्या, पुढे त्यांना निळी फुलंही आली. हे मी विसरेन कशी?

विसरले नव्हतेच. गेल्या वर्षी बांध रुंद करून गाडी दारापर्यंत आणायचं ठरलं. मशीनवाला म्हणाला, झुडपं काढून माती टाकतो, शेतवाल्यांच्या सह्या द्या. आपल्या शेताची सही माझी. मारांडीचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण मी नुकतीच बसमध्ये उभ्याने आले होते, एकटीने सगळ्यांशी हुज्जत घालायचा कंटाळा आला. आणि खरं सांगायचं तर गाडी आपसूक दारात येते आहे, सुंठीवाचून खोकला गेला, असंही वाटलं. सही केली. यंदाच्या उधाणात ती नवी माती विरघळली, बांध फुटला आणि खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरलं. आता दोन-तीन वर्षं तरी तिथे काही पिकायचं नाही. शेजारच्या काकांचंही शेत गेलं, तुमच्याबरोबर जन्मभर बांध राखणाऱ्या काकांचं.

काल ते फुटलेल्या बांधावर भेटले. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाय, मारांडी काडू नये म्हणून बापायन तुका कधी सांगूक नाय गो?"

"नाय काका," मी म्हटलं. "सांगूक नाय."

ते घराकडे वळले. "मगे तुझी चूक नाय. तेणां सांगूक व्हयां होतां."

बाबा, तुमच्याबरोबर चिखलात आयुष्य काढलेला माणूस काल तुमच्यावर नाराज होऊन घरी गेला, आणि मी त्यांना जाऊ दिलं. हे तुम्हाला लिहिता येतं, कारण हे पत्र कुठे टाकायचं नाही. काकांचं घर चार पावलांवर आहे. तिकडे जायला सकाळपासून पाय उचललेला नाही.