अंतोनीला सांगून झालं

जाफराबाद,
१४ जून २०२५

प्रिय सुवार्ता,

प्रभूच्या नावाने तुला आणि वसंतरावांना सलाम. आकांक्षाला माझा पापा, आता ती कॉलेजात जाते तरी.

आपली काळी शेळी हरवली होती, आठवतं? मी बोर्डिंगातून सुट्टीला आले होते. आईने तुला स्टुलावर चढवलं आणि हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीची तसबीर उलटी करायला लावली, तोंड भिंतीकडे. "शेळी घरी येऊ दे, मंग फिरवू तोंड. तवर बसू दे तसंच." नेमक्या तेव्हाच सिस्टर रोझलीन दारात आल्या. मला वाटलं, आता रागावणार. त्या ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग आईला समजावलं, संताला शिक्षा करायची नसते आणि संत काही देतही नसतो. देणारा देवच. संत आपल्यासाठी त्याच्याजवळ शब्द टाकतो, एवढंच. आई म्हणाली, "मंग त्याला म्हणा, जल्दी टाक."

शेळी कडूबाच्या बाभळीखाली सापडली. तसबीर सरळ करताना तू काचेला गाल लावलास. तू ते विसरली असशील.

इकडे सगळं बराबर आहे. मोसंबीला यंदा फळ कमी आहे. काल अंतोनीचा सण झाला. चर्चमधल्या मिस्सेनंतर नेहमीसारख्या भाकरी वाटल्या. माझ्या वाट्याच्या भाकरी शेजारच्या आमिनाने थापून दिल्या, माझा डावा हात हल्ली नीट वर जात नाही. थापता थापता ती सांगत होती, तिचा मुलगा फहीम तिला दर्ग्यावर जाऊ देत नाही, म्हणतो थेट अल्लाला माग. मी म्हटलं, माझी बहीणही हेच म्हणते. आम्ही दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली, "बहीण येत न्हाई का गं आता?" मी भाकरी मोजायच्या निमित्ताने उठले.

आई गेली, तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आपण घरी संतांची नावं घेत होतो. प्रत्येक नावामागे 'आमच्यासाठी विनंती कर'. वसंतराव म्हणाले, मेलेल्या माणसांना कशाला त्रास देता? आणि तू उठलीस. तेव्हापासून नाताळचा फोन, तोही आकांक्षाच्या हातून. तुमच्या प्रार्थनागृहात तुला समाधान मिळतं ना, मग मला काही म्हणायचं नाही. तू मनापासून मानतेस, हे मला माहीत आहे. मीही मनापासूनच मानते.

पण सुवा, मला आई मेली असं वाटतच नाही. आठव, ती आपल्यासाठी कुणाकुणाजवळ बोलायची. मला बोर्डिंगात घ्यावं म्हणून सिस्टरांजवळ, तुला मागच्या दाराने चढू द्यावं म्हणून यष्टीच्या कंडक्टरजवळ. अशी बाई देवासमोर जाऊन गप्प बसली असेल का? मला तर वाटतं, आता तिला कुणी अडवायलाच नाही.

हात वर जात नाही ते म्हातारपणामुळे नाही. गाठ आहे, काखेपर्यंत गेलेली. येत्या गुरुवारी संभाजीनगरला ऑपरेशन. डॉक्टर पोरगेले आहेत, गोड बोलतात, पण पुढचं सांगायला घरचं कुणीतरी घेऊन या म्हणाले. मी आमिनाचं नाव सांगणार होते. मग वाटलं, घरचं म्हणजे तूच की.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

अंतोनीला सांगून झालं. मारियामातेला सांगितलं, आईलाही सांगितलं. तुला तेवढं सांगायचं राहिलं होतं. तू माझ्यासाठी प्रार्थना कर. तू जिवंत आहेस, तुला विनंती करायला तुमच्या पाळकांचीही हरकत नसावी. तुमच्या पद्धतीने कर, थेट कर, फक्त माझं नाव घेऊन कर. आणि जमलं तर बुधवारी संध्याकाळपर्यंत ये.

आता व्यवहाराचं. शिलाई मशीन आकांक्षाचं. तिला टाके घालता येत नसले तरी तिचंच. माझी शाळेची पुस्तकं आमिनाच्या कशफला, ती खरंच वाचते. मोठी पातेली चर्चला, सणाच्या स्वयंपाकाला. जपमाळ माझ्या हातात राहू दे, ती काढू नका. आईची राखाडी शाल तुला. मी ती धुतलेली नाही.

आणि माझं काही बरंवाईट झालंच, तर तू मला हाक मारणार नाहीस, ते ठाऊक आहे. मारू नकोस. तू न सांगताच मी देवाजवळ रोज तुझं नाव काढीन.

बुधवारी दाराला कडी लावणार नाही.

तुझीच,
अक्का