बारा मेचा रविवार

पुणे, २१ एप्रिल १९९९
(वार मुद्दामच लिहिलेला नाही. कारण पुढे कळेल.)

आदरणीय भीमराव मामांना चेतनचा सविनय जय भीम.

तुमची दोन्ही कार्डं मिळाली. मामींचे गुडघे आता कसे आहेत? पुसदला म्हणे यंदा आत्ताच अंगाची लाही होते आहे, तरी दुपारचं शेतावर जाणं टाळावं. इकडे आईची तब्येत बरी आहे, फक्त ती जेवताना माझ्याकडे बघत नाही. आम्रपाली मजेत आहे असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहितो. माझं काही विचारू नका.

आम्रपालीच्या लग्नाची पत्रिका एव्हाना तुम्हाला मिळाली असेल. तिच्यावर 'रविवार, दि. १२ मे १९९९' असं छापलं आहे. मामा, तारीख बरोबर आहे. वार माझा आहे.

झालं असं की, डिसेंबरात वाघोलीची मंडळी तारीख ठरवायला आपल्याकडे आली. संभाजीराव (आपले होणारे जावई, पाटबंधारे खात्यात आहेत, स्वभावाने गरीब) आणि त्यांच्या आई जयाबाई (यांच्या स्वभावाबद्दल आत्ताच काही लिहीत नाही). आपल्यात मुहूर्ताची भानगड नाही, तेव्हा मे महिन्यातला कुठलाही रविवार चालेल, नोकरदारांना येता येईल, एवढंच ठरलं. भिंतीवरचं कॅलेंडर जुन्या वर्षाचं होतं, नवीन अजून आणलेलं नव्हतं. जयाबाई म्हणाल्या, शेजारी विचारा. शेजारी कशाला, असं मला वाटलं. चार वर्षं कंप्युटर शिकलो, बाबा गेल्यापासून घरचा कर्ता म्हणवतो, आणि वार विचारायला शेजारी जाऊ? मी म्हणालो, उद्या ऑफिसात बघून सांगतो, कंप्युटर चुकत नाही. (हे वाक्य हल्ली घरात दिवसातून दोनदा ऐकायला मिळतं.)

तर ऑफिसात एक काळा पडदा असतो. त्यावर 'कॅल' असं टाइप करायचं, पुढे महिना, पुढे वर्ष, आणि बटण दाबायचं, की तो महिना बारीक आकड्यांत समोर उभा राहतो. ना तिथी, ना सणवार, ना मागच्या पानावर लोणच्याची कृती. मी 'कॅल ५ ९९' असं टाकलं. बारा तारीख रविवारखाली आली. हॉलवाल्याला फोन केला, त्याने कुरकुर न करता बारा तारीख दिली. भर लग्नसराईतला रविवार पुण्यात असा पटकन मिळतो का, हा विचार कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात आला असता. मला वाटलं, आपल्या बोलण्याचा प्रभाव पडला.

पत्रिका वाटून झाल्या आणि गेल्या आठवड्यात जयाबाईंचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. म्हणाल्या, "चेतनराव, बारा तारखेला बुधवार आहे. तुम्ही रविवार कुठून आणलात?" मी हसलो. (हसायला नको होतं.) मग पुन्हा 'कॅल ५ ९९' करून बघितलं, पुन्हा रविवारच आला. तेव्हा मी त्यांना परत फोन करून सांगितलं की तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर चुकीचं छापलेलं असणार. त्यांनी फोन ठेवला. मग मी त्या पडद्यावर वर काय लिहिलंय ते जरा नीट वाचलं. तिथे फक्त ९९ होतं. मामा, ते यंत्र आगाऊ नाही, आपण सांगू तेवढंच ऐकतं. मी ९९ म्हणालो, तर त्याने इसवी सन नव्याण्णवचा मे महिना काढून दिला होता. एकोणीसशे नव्याण्णव असं पूर्ण टाइप केलं असतं तर बुधवार दिसला असता. त्या रविवारी लग्न लावायचं तर हॉल सातवाहनांच्या राज्यात बघावा लागला असता.

आता तारीखही बदलता येत नाही. नऊ आणि सोळा, दोन्ही रविवारी हॉल दुसऱ्यांना दिलेला आहे आणि भंतेजीही बाराच्या बुधवारीच मोकळे आहेत. म्हणजे लग्न बुधवारीच. निम्मी माणसं वार बघून नऊ तारखेला जाणार आणि भलत्याच नवरा-नवरीला आहेर करून, जेवून परत येणार. उरलेल्यांना बुधवारी रजा मिळणार नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर माझी बहीण उभी राहणार. बाबा असते तर त्यांनी शेजारी जाऊन विचारलं असतं. आम्रपाली माझ्याशी बोलत नाही. काल फक्त एकदा म्हणाली, "दादा, मला एवढंच वाटत होतं की त्या दिवशी आपली माणसं असावीत." मी पाणी भरायला गेलो.

बाकी सर्व क्षेम. मामींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
चेतन

ता. क. : तुमच्या गावात कुणाला रविवार-बुधवार असा फरक नसतो, आणि मे महिन्यात शेतातही फार काम नसतं. एक गाडी करून येतील तितकी माणसं घेऊन या. हॉल भरलेला दिसला पाहिजे. राहायची, जेवायची काळजी करू नका.

ता. क. दुसरा : हे आधी लिहायला हवं होतं. मलाच बुधवारची रजा मिळालेली नाही. आमच्या नीरजा मॅडमनी अर्जाला जोडलेली पत्रिका वाचली आणि म्हणाल्या, "रविवारी ऑफिसला सुट्टीच असते. रजा कशाला हवी?" खरं सांगावं तर पंचाईत अशी की, आमच्या टीमला अमेरिकेतल्या एका बँकेच्या प्रोग्रॅममध्ये कुणी वर्ष लिहिताना सुरुवातीचे दोन आकडे खाल्लेत का, ते शोधायचं काम आहे. ते शोधण्याचा पगार मलाच मिळतो. तिकडे कुणाला पाठवायचं तेही याच महिन्यात ठरणार आहे. तेव्हा बुधवारी मी नसलो तर बाबांच्या जागी, आईशेजारी, तुम्ही उभे राहा.

ता. क. तिसरा : वरचा ता. क. खोडायचा होता, पण कागद फाटेल म्हणून ठेवला. तुम्ही आईशेजारी उभे राहाच, पण माझ्या जागी नको. उद्या सकाळी मॅडमना सगळं सांगणार आहे. नोकरी राहिली तर बुधवारी हॉलवर भेटू. नाही राहिली तर मंगळवारीच शिवाजीनगर स्टँडवर तुम्हाला घ्यायला येतो.