खडकावरचा बाण

९ नोव्हेंबर, गुरुवार
मेहुणा आला. म्हणजे प्रवचन आलंच. लोकांना डोंगरावर नेतो आणि वाटेत चिकाटी शिकवतो. "भावोजी, डोंगरासारखा गुरू नाही. पाय बोलायला लागले की तोंड आपोआप बंद होतं." याचं बंद झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

धाकटीला मात्र मामाचं वेड. रविवार सोडून पुढच्या रविवारी ती कड्याची वाट एकटीने चढली, तर तो तिला स्वतंत्र गट न्यायला देणार. ही म्हणते, "जाऊ द्या की. तुमच्यासारखीच हट्टी आहे." हट्ट आणि जिद्द यांतला फरक हिला कधी कळलाच नाही.

आधी मी बघून येणार. पोरीची वाट बापाने तपासलेली बरी.

१२ नोव्हेंबर, रविवार
गेलो. प्रत्येक चढाला एक सुविचार. "दम लागला तरी धीर सोडायचा नाही." बरोबरच्या एका बँकवाल्याने तो लिहूनही घेतला. "मागे फिरावंसं वाटलं की समजा, माथा जवळ आला." छान! म्हणजे वाट चुकलेल्याने जन्मात परत फिरायला नको.

वाट दाखवायला खडकांवर पांढरे बाण काढलेत. काय ते बाण! रंग ओघळलेला, टोक बोथट, दांडा कुठे जाड कुठे बारीक. मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिकवायला कोणी नव्हतं. पण अशी रेघ हातून गेली असती तर ब्रश चुलीत घातला असता.

कड्याखाली गुडघा म्हणाला, पुरे. मेहुणा म्हणाला, "तुम्ही सावकाश खाली जा, भावोजी. आम्ही पलीकडून उतरतो." कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

टेकलो त्याच खडकावर सगळ्यांत गचाळ बाण होता. धड वर नाही, धड डावीकडे नाही. झिंगलेल्या माणसाने काढल्यासारखा. माझ्या पिशवीत रंगाच्या डब्या असतातच. जुना खरवडला, नवा काढला. ओळंब्यात सरळ वर, टोक सुईसारखं, एका कडेला माझी नेहमीची काळी छटा. आज डोंगरावर एक तरी काम नीट झालं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
गुडघा भोपळ्याएवढा. ही शेकते आणि विचारते, "मग, शिकलात काही डोंगराकडून?" शिकलो. ज्यांना काम येत नाही ते चिकाटीवर बोलतात.

धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही कड्याखालूनच परत आलात ना?"

बघायला गेलो होतो, बघून आलो. विषय संपला.

१८ नोव्हेंबर, शनिवार
धाकटीची पिशवी तपासली. एक बंद ढिला होता, परत शिवायला लावला. म्हटलं, "बाणांकडे नीट लक्ष ठेव."
"का? काय आहे त्यांत?"
"दिसेल तुझं तुला."

१९ नोव्हेंबर, रविवार
अंधार पडला. फोन लागत नाही. मेहुणा चार माणसं घेऊन वर गेलाय.

२० नोव्हेंबर, सोमवार
सापडली. घोटा मोडलाय. रात्रभर एका घळीत अडकून होती.

मेहुणा सांगत होता. वाट त्या खडकाला वळसा घालून डावीकडे जाते, म्हणून बाण तिरका काढलेला. सरळ वर गेलं की घळ, आणि घळीला पुढे वाट नाही. "कुठल्या शहाण्याने तो सरळ केला कोण जाणे. चिखल फासून आलोय त्याला." मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या माझ्या डब्यांकडे गेलं. त्याचं तोंड बंद झालेलं आज पाहिलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
धाकटी आज बोलली. "घळ अरुंद होत गेली तेव्हा दोनदा वाटलं, फिरावं मागे. पण बाबा, बाण तुमच्या हातचा होता. म्हटलं, बाबांचं चुकणार नाही. चढत राहिले."

गुडघ्याला पट्टा आवळलाय. उद्या वर जातो. बाण वाकडा काढायचा आहे.