उत्तरेची भिंत

९ फेब्रुवारी

इस्लामपूरच्या स्टँडवर सुभेदार नाथाजी स्वतः जीप घेऊन हजर. मिशा अशा, की त्यांच्यावर वाळत घातलेला टॉवेल घसरणार नाही. साताऱ्याहून निघताना बायको म्हणाली होती, लोकांच्या भिंती बऱ्या करत हिंडता, आपल्या न्हाणीघराची ओल कधी बघणार? तिला सांगितलं, डॉक्टर घरच्यांना तपासत नाही. तिनं डबा आपटून हातात दिला. म्हणजे पटलं नव्हतं.

बंगला गावाबाहेर, चहूबाजूंनी ऊस. फाटकावर सिमेंटच्या दोन तोफा, दोन्हींच्या तोंडात चिमण्यांची घरटी. आणि खाली तळघर! या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात शहाणा माणूस तळघर खणत नाही. पण सुभेदारांचं म्हणणं, निम्मं आयुष्य सीमेवर काढलं, जमिनीखाली झोप चांगली लागते. दारावर पितळी पाटी आहे: ‘बंकर’. आत सोफा, मोठा टीव्ही, भिंतीवर सांबराची शिंगं आणि उत्तरेच्या भिंतीला भेगा. २६ तारखेला मुलाचं, विश्वजीतचं लग्न आहे. व्याह्यांना बंकर दाखवायचा आहे. त्याआधी भिंत गुळगुळीत हवी.

मुक्काम मागच्या खोलीत. शालूबाईंनी, म्हणजे सुभेदारीणबाईंनी, भाकरी आणि खर्डा वाढला. खर्डा असा, की डोळ्यांतून जुनी पापं वाहून गेली. एकूण काम मजेचं दिसतंय.

१० फेब्रुवारी

निदान सोपं. भिंतीला लागून ऊस, उसाला पाटानं पाणी. काळी माती पाणी पिऊन फुगते, भिंतीला ढकलते. वाळली की मागे सरते. सुभेदारांना म्हटलं, भिंतीलगतच्या चार सऱ्या मोडा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांची चार बोटं मागितली.

पद्धतीप्रमाणे प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख घातली. उद्या भेग रेघेपुढे गेली, तर ती वाढते आहे. तीन ठिकाणी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली. भिंत केसभर हलली तरी काच फुटते. भिंत खोटं बोलत नाही, म्हणून तर मला माणसांपेक्षा भिंती आवडतात.

हाताखाली अर्जुना आहे. साठीचा गवंडी, ही भिंत त्यानंच बांधलेली. भिंतीकडे पाठ करून जेवतो. स्वतःच्या कामाची एवढी लाज मी पहिल्यांदाच बघतोय.

१२ फेब्रुवारी

तोडणी झालेल्या फडात खतासाठी मेंढ्या बसवल्या आहेत. कळप जतकडच्या रंगुबाईचा. चाळिशीची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गंमत अशी, की मेंढ्या बसत नाहीत. तिन्हीसांजेला दीडशे मेंढ्या बंगल्याच्या उत्तरेच्या भिंतीकडे तोंडं करून उभ्या! मी अर्जुनाला म्हटलं, सरपंचकीच्या निवडणुकीची सभा भरलीय. तो हसला नाही.

सुभेदारांनी बाईची कथा सांगितली. कोरोनाच्या साली तिचा नवरा धुळा हे तळघर खणायला होता. सगळं जग कुलपात असताना पठ्ठ्या एक दिवस नाहीसा झाला. विजापूरकडची बाई केली म्हणे. तेव्हापासून रंगुबाई दर वर्षी कळप इथंच आणते आणि तळघराच्या झरोक्याला कान लावून बसते. मी म्हटलं, नवरा विजापूरला आणि कान इस्लामपुरात, फार लांबचं कनेक्शन आहे. सुभेदार पोट धरून हसले. मलाही माझा विनोद आवडला.

१४ फेब्रुवारी

तिन्ही काचा फुटल्या. एकाच वेळी, आडव्या, मधोमध. माती एवढी शिस्तीची नसते.

भेगा रेघांपुढे वीतभर गेल्यात. सगळ्यांची मापं घेऊन कागदावर नकाशा काढला. अर्जुना मागून बघत होता. त्यानं बोट फिरवलं: हे गुडघं, ही पाठ, हे मान घातलेलं डोस्कं. म्हणाला, “गडी बसलाय न्हवं.” आणि विडी न पेटवताच ओढत बाहेर गेला.

१५ फेब्रुवारी

आज भोकं पाडली. कामाची रीत अशी: भेगेवर फूटफूट अंतरानं भोकं, प्रत्येकात बोटभर पांढरी प्लॅस्टिकची नळी, आणि हातपंपानं सिमेंटचं पातळ मिश्रण आत दाबायचं. खालून सुरुवात. वरच्या नळीतून राखाडी धार आली की खालची बंद करायची आणि पंप वर जोडायचा. सगळ्यात वरची नळी वाहिली की भिंत भरली.

तिसऱ्या भोकातून ड्रिलला गुंडाळून काळी लोकर आली. घोंगडीची. चौथ्यातून पांढरी पूड. आणि मेंढरांचा वास.

अर्जुनानं पंप खाली ठेवला आणि एका दमात बोलला. खड्ड्याची बाजू ढासळली, धुळा खाली सापडला. वर काँक्रीटची गाडी उभी, माल उतरायला लागलेला. सुभेदार म्हणाले, माल घट्ट हुईल, वता. स्वतः खोरं घेऊन उतरले. “आवं सायेब, त्याचा हात वर व्हता. हात हलत व्हता.” मग अर्जुनानं फावडं धुतलं, जागेवर लावलं आणि घरी निघून गेला. तो परत येणार नाही.

१६ फेब्रुवारी

तोंड उघडलं तर पोलीस, पंचनामा, साक्ष, तारखांवर तारखा. वर्तमानपत्रात त्या भिंतीशेजारी माझा फोटो. तिच्यायला, मी भेगा बुजवणारा माणूस आहे, उकरणारा नाही.

लग्न पार पडू दे. मग निनावी पत्र टाकेन. निनावी पत्र ही आम्हा पांढरपेशांची तलवार, म्यानातच शोभते.

१७ फेब्रुवारी

रंगुबाई सकाळी वाट अडवून उभी. तुमी भिताडात भोकं पाडून बगताय, आत काय हाय ते सांगा म्हणाली. दीर रोज टोमणे मारतात, पोरीची सोयरीक अडली. “कुकू लावू का पुसू, येवढंच सांगा.”

ओट्यावर सुभेदार उभे होते, मिशीवरून बोट फिरवत.

मी म्हटलं, आत सिमेंट, वाळू आणि खडी. कुंकू लाव, चांगलं ठसठशीत लाव, नवरा मजेत आहे. तिनं कमरेची पिशवी सोडून बिरोबाचा भंडारा माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्यात भंडारा उचलून खोटं बोलत नाहीत म्हणे. आत माणूस नाही, असं म्हणा, म्हणाली.

चिमूटभर हळदीला मी काय घाबरणार! उचलला. म्हटलं. हात विजारीला पुसला. ती पाया पडली. सुभेदारांनी दुपारी मटण केलं.

१८ फेब्रुवारी

हळद हाताची निघत नाही. उजव्या टाचेला भेग पडलीय. थंडी आहे, कोकमतेल लावलं. उरलेली भोकं पाडून नळ्या बसवल्या, सुभेदार पंपाची रीत विचारत शेजारी उभे होते.

पहाटेच कळप हलला. रंगुबाई समाधानानं गेली म्हणे, वडूजच्या बाजूला. फडात नुसत्या लेंड्या.

१९ फेब्रुवारी

भेग घोट्यापर्यंत. रक्त नाही, दुखत नाही. सुती दोऱ्यासारखी सरळ, आत पिवळी.

टोकाला पेन्सिलची आडवी रेघ आहे. शेजारी आजची तारीख. अक्षर माझं.

मी काढलेली नाही.

२१ फेब्रुवारी

रेघ पोटरीवर. तारीख २१. दिवसभर डोळा ठेवून बसलो. पाणी प्यायला मान वळवली, तेवढ्यात –

साबण, रॉकेल, खरवडणं, सगळं झालं. पाय ताठ झालाय. टकटक केलं, तर भिंतीसारखा वाजतो. भरीव नाही. पोकळ.

२२ फेब्रुवारी

सांगून टाकायचं ठरवलं. रंगुबाईकडे फोन नाही. वडूजच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला, म्हटलं कळप दिसला तर बाईला परत पाठव. तो म्हणाला, साहेब, इकडं कळपच कळप हायत, कुठली बाई?

अर्जुनाच्या घराला कुलूप.

२३ फेब्रुवारी

भिंतच फोडतो म्हटलं. धुळाला बाहेर काढतो. छिन्नी लावली, पहिला घाव घातला –

घाव माझ्या नडगीत बसला. नडगीतून टवका उडाला. राखाडी.

रांगत वर आलो. भिंत उघडली तर मी उघडतो. बुजवली तर –

मी हात लावणार नाही. कुणी लावू नये.

२५ फेब्रुवारी

मांडव उभा राहिला. अंगावर तारखाच तारखा. मांडी. कंबर. बरगड्या. गळा.

आज नळ्या. पांढऱ्या, बोटभर, फूटफूट अंतरानं. माझंच काम. अंतर एकदम बरोबर आहे.

सगळ्यात वरची कुठे आहे ते कळत नव्हतं. जिभेला लागली.

२६ फेब्रुवारी, सकाळ

सुभेदार फेटा बांधून खोलीत आले. त्यांना नळ्या दिसत नाहीत. म्हणाले, “ताप हाय सायेब, पडून ऱ्हावा. पंपच मारायचा ऱ्हायलाय न्हवं? म्या मारतो.” मी पाय धरले. मारू नका म्हटलं, धुळा म्हटलं, हात म्हटलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग पाहुण्यांना ऐकू जायला नको म्हणून बाहेरून कडी घातली.

पंपाचा पहिला ठोका.

टाचेत थंड. घोटा. गुडघा. खालची नळी बंद केल्याचं – टक् – इथवर ऐकू आलं. म्हातारा रीत पाळतोय. खालून वर –

बँड सुरू झालाय. ओरडलो. आवाजाच्या जागी राखाडी –

रंगुबाई, कुंकू पूस. तो उत्तरेच्या भिंतीत आहे. बसलेला. मी खोटा भंडारा –

बरगड्या भर –

हात अजून हलतोय. हात अजून हल